तारीख लागेपर्यंतचा संसार : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

लग्न झालं, जोडीदार अमेरिकेत आणि आपण इथे व्हिसाच्या रांगेत, अशा घरांतून अलीकडे बरीच पत्रं आली. त्यातली काही या वेळी घेतली आहेत. उत्तरं फक्त अमेरिकेच्या कायम वास्तव्याच्या, म्हणजे ग्रीन कार्डाच्या व्हिसाबद्दल आहेत. एच-४ वर, म्हणजे नोकरीच्या तात्पुरत्या व्हिसावर असलेल्या जोडीदारामागे, जाणाऱ्यांचं गणित वेगळं असतं. शुल्काचे आकडे बदलतात, त्यामुळे पैसे भरण्याच्या दिवशी ते सरकारी संकेतस्थळावर पाहून घ्यावेत.

प्रश्न : लग्नाला आठ महिने झाले. मिस्टर न्यू जर्सीत असतात, त्यांना नोकरीतून ग्रीन कार्ड मिळालेलं आहे. त्यांनी माझ्यासाठी आय-१३० (कुटुंबातल्या माणसाला नेण्याचा अर्ज) भरला, त्याची पावतीही आली. मी इथे बँकेत नोकरी करते. जो तो विचारतो, ‘कधी जाणार?’ राजीनामा कधी देऊ? (एक वाचक, कराड)

उत्तर : आधी एक तारीख तपासा. मिस्टरांना ग्रीन कार्ड लग्नाच्या आधी मिळालं की नंतर? नोकरीतून मिळालेलं कार्ड लग्नानंतरचं असेल, तर तुम्हाला त्यांच्याच अर्जाच्या आधाराने मागून जाता येतं. त्यासाठी आय-८२४ हा फॉर्म असतो आणि वेगळी रांग लागत नाही. हे माहीत नसल्यामुळे कित्येक जण उगीच आय-१३० भरून बसतात.

कार्ड आधीचं असेल, तर तुम्ही ‘एफ-२ए’ या, म्हणजे ग्रीन कार्डधारकाचे जोडीदार आणि मुलं यांच्या, वर्गात आहात. पावतीवर जी ‘प्रायॉरिटी डेट’ छापलेली आहे, तो तुमचा रांगेतला नंबर. अमेरिकेचं परराष्ट्र खातं दर महिन्याला ‘व्हिसा बुलेटिन’ काढतं, साधारण आदल्या महिन्याच्या मध्यावर. त्यात दोन तक्ते असतात. एकात कागदपत्रं कधी पाठवता येतील याची तारीख असते, दुसऱ्यात व्हिसा प्रत्यक्ष कधी देता येईल याची. लोक पहिला तक्ता बघून सामान बांधायला घेतात. तुमचा नंबर दुसऱ्या तक्त्यातल्या तारखेच्या आधीचा झाला, म्हणजे खरी तारीख लागली. ही तारीख पुढे सरकते, थांबते आणि कधी मागेही जाते. त्यामुळे ‘अमक्या महिन्यात जाणार’ असं कोणालाही सांगू नका, सासूबाईंनासुद्धा नाही. ‘आय-१३० मंजूर व्हायचाय’, ‘कागद एनव्हीसीकडे (नॅशनल व्हिसा सेंटर, जिथे मंजुरीनंतर कागदपत्रं जमा होतात) गेलेत’, ‘मुलाखतीची तारीख यायचीय’ असं टप्प्यांत सांगा. विचारणारे त्याने लवकर थांबतात, आणि आपल्याही मनात खोटी तारीख घर करत नाही.

राजीनाम्याचं अगदी स्पष्ट सांगतो : व्हिसा छापलेला पासपोर्ट हातात येईपर्यंत द्यायचा नाही. तिकीटही तोवर काढायचं नाही. व्हिसाची मुदत बहुधा वैद्यकीय तपासणीपासून सहा महिन्यांपर्यंत असते, म्हणजे नोटीस पिरियड तीन महिन्यांचा असला तरी तो पूर्ण करून जाता येतं. आय-१३० च्या मंजुरीची बातमी ऐकून नोकरी सोडणाऱ्या मुली पुढे वर्षभर घरात बसून राहतात. पगार जातो, आणि दिवस खायला उठतो.

मिस्टर मध्येच अमेरिकन नागरिक झाले तर तुमची केस ‘नागरिकाची पत्नी’ या वर्गात जाते आणि त्या वर्गाला रांग नसते. नागरिकत्वाच्या प्रमाणपत्राची प्रत त्यांनी लगेच एनव्हीसीला पाठवायला हवी. ती नोंद आपोआप होईल या भरवशावर राहू नये. तुम्हाला मूल असेल तर मात्र इथे मोठी मेख आहे. ती पुढे चौथ्या उत्तरात सांगितली आहे.

प्रश्न : माझ्या प्रत्येक कागदावर नाव वेगळं आहे. शाळेच्या दाखल्यावर वडिलांचं नाव एका स्पेलिंगने, पासपोर्टवर दुसऱ्या, आधारवर लग्नानंतरचं नाव. सासरचे म्हणतात, पासपोर्ट नवीन करून घे. (एक वाचक, सांगली)

उत्तर : आपल्याकडे मधलं नाव वडिलांचं, लग्नानंतर नवऱ्याचं. त्यामुळे हा गोंधळ मराठी घरांत इतरांपेक्षा जास्त होतो. ‘दत्तात्रय’ हे एकच नाव घ्या. इंग्रजीत ते कुठे ‘वाय’वर संपतं, कुठे पुढे आणखी एक ‘ए’ येतो, कुठे दुसरा ‘टी’ गळतो. इथल्या कारकुनाला त्यात काही वाटत नाही. तिकडचा अधिकारी अक्षर अन् अक्षर जुळवतो.

पासपोर्ट बदलण्याची घाई करू नका. व्हिसासाठी बायकोने नवऱ्याचं नाव लावलंच पाहिजे असा नियम नाही. पासपोर्ट माहेरच्या नावाचा असला तरी चालतो, कारण दोन नावांना जोडणारा दुवा विवाह नोंदणी प्रमाणपत्र असतं. पत्नीचं लग्नाआधीचं पूर्ण नाव त्यावर पासपोर्टप्रमाणे आहे की नाही, एवढं आधी बघा. तिथे चूक असेल तर ती सर्वांत आधी दुरुस्त करा, पालिकेच्या वॉर्ड ऑफिसात किंवा ग्रामपंचायतीत, जिथे नोंदणी झाली तिथेच. आपल्या राज्यात या नोंदणीला नवरा-बायको, तीन साक्षीदार आणि लग्न लावणारे गुरुजी, सगळ्यांच्या सह्या लागतात. दुरुस्तीच्या वेळी पुन्हा त्यांच्यापैकी कोणाला बोलवावं लागेल का, हे आधी विचारून घ्या. बायका हे काम शेवटी ठेवतात आणि मग गुरुजी गावाला गेलेले असतात.

बाकीच्या कागदांसाठी : डीएस-२६० हा व्हिसाचा ऑनलाइन अर्ज भरताना ‘वापरलेली इतर नावं’ विचारतात. तिथे आधारवरचं, दाखल्यावरचं, प्रत्येक रूप लिहा. लपवलेलं नाव अडचणीत आणतं, लिहिलेलं नाव आणत नाही. सोबत ‘ही सर्व नावं एकाच व्यक्तीची’ असं नोटरीपुढे केलेलं प्रतिज्ञापत्र ठेवा. डीएस-२६० एकदा सादर केला की तो आपल्याला उघडता येत नाही, अधिकाऱ्यांनाच उघडावा लागतो. म्हणून ‘सबमिट’ दाबण्याआधी सगळी पानं छापून नवऱ्याने एकदा आणि तुम्ही एकदा, पासपोर्ट शेजारी ठेवून वाचा. त्याच फॉर्ममध्ये सोशल सिक्युरिटी नंबर (तिकडे नोकरी-करासाठी लागणारा क्रमांक) हवा का, आणि त्यासाठी माहिती द्यायला संमती आहे का, असे दोन प्रश्न आहेत. तिथे दोन्ही ठिकाणी ‘हो’ म्हणा, म्हणजे तिकडे गेल्यावर त्यासाठी वेगळी खेप पडत नाही.

पासपोर्टची मुदतच संपत आली असेल तर नवीन करावाच लागेल. प्रवासाच्या नियोजित तारखेपुढे सहा महिने तरी मुदत हवी. नूतनीकरणात नाव तेच ठेवा, आणि मुलाखतीला जुना-नवा दोन्ही घेऊन जा.

प्रश्न : माझा जन्म आजोळी, खेड्यात झाला. ग्रामपंचायतीच्या रजिस्टरात नोंद सापडत नाही. (एक वाचक, चिपळूण)

उत्तर : नोंद खरोखर नसेल तर ग्रामपंचायतीकडून ‘नोंद उपलब्ध नाही’ असा लेखी दाखला घ्या, आणि त्याला शाळा सोडल्याचा दाखला, दहावीचं प्रमाणपत्र व आईवडिलांची प्रतिज्ञापत्रं जोडा. पण आधी रजिस्टर नीट शोधा. जुन्या नोंदी पुष्कळदा बाळाच्या नावाशिवाय असतात : ‘मुलगी’, आईचं नाव, बापाचं नाव आणि तारीख, बस. अशी नोंद सापडली तर त्यात नाव घालण्याचा अर्ज करता येतो, आणि तो दाखला प्रतिज्ञापत्रांपेक्षा केव्हाही भारी. दाखला नुसता मराठीत असेल तर इंग्रजी भाषांतर लागतं. भाषांतर करणाऱ्याने ‘मला दोन्ही भाषा येतात आणि भाषांतर अचूक आहे’ असं लिहून सही करायची. दोन्ही भाषांतला दाखला मिळत असेल तर तोच घ्या.

प्रश्न : आमची केस एफ-२ए मध्ये आहे. मिस्टर पुढच्या वर्षी नागरिकत्वाचा अर्ज करतील. तोवर मूल होऊ द्यावं का? सासरी आणि माहेरी दोन्हीकडून विचारणा चालू आहे. (एक वाचक, पुणे)

उत्तर : मूल कधी हा निर्णय तुम्हा दोघांचा. त्याचा व्हिसावर काय परिणाम होतो, तेवढं इथे सांगतो.

एफ-२ए मध्ये असताना मूल झालं तर ते तुमच्याच केसमध्ये तुमच्यासोबत जोडलं जातं. जन्मदाखला आणि पासपोर्ट काढून एनव्हीसीला कळवायचं. पण मिस्टर नागरिक झाले की तुमची केस ज्या वर्गात जाते, त्यात मुलाला आईच्या मागे जोडता येत नाही. मुलासाठी वडिलांनी स्वतंत्र आय-१३० भरावा लागतो. हे न कळल्यामुळे आईचा व्हिसा तयार आणि दोन वर्षांचं मूल इथेच अडकलेलं, अशी वेळ येते. नागरिकत्वाची शपथ जवळ आली की मुलाचा अर्ज आधीच भरून ठेवावा.

मूल वडिलांच्या शपथेनंतर जन्मलं तर तिसरीच गोष्ट. वडील मुलाच्या जन्मापूर्वी एकूण ५ वर्षं प्रत्यक्ष अमेरिकेत राहिलेले असतील, आणि त्यातली २ वर्षं त्यांच्या वयाच्या चौदाव्या वर्षानंतरची असतील, तर मूल जन्मतःच अमेरिकन नागरिक ठरतं. ही ५ वर्षं विद्यार्थी किंवा एच-१बी (नोकरीच्या) व्हिसावरची असली तरी धरतात. अशा मुलाला व्हिसा लागतच नाही. वाणिज्य दूतावासात परदेशातल्या जन्माची नोंद करून त्याचा अमेरिकन पासपोर्ट काढायचा. वडिलांनी जुने पासपोर्ट, त्यांवरचे शिक्के, पगाराच्या पावत्या फेकू नयेत, ते यासाठीच.

आता तब्येतीचं. व्हिसाच्या तपासणीत गोवर-गालगुंड-रुबेला (एमएमआर), कांजिण्या, धनुर्वात-घटसर्प-डांग्या खोकला, हिपॅटायटिस-बी अशा लशींची नोंद बघतात. एमएमआर आणि कांजिण्यांची लस गरोदरपणात देत नाहीत, आणि घेतल्यावर किमान एक महिना गर्भधारणा टाळायला सांगतात. म्हणून मुलाचा विचार असेल तर या दोन लशी आत्ताच तुमच्या डॉक्टरांकडून घेऊन टाका. डॉक्टरांकडून लशीचं नाव, तारीख, बॅच नंबर, सही-शिक्का असलेली नोंद घ्या; ‘लहानपणी सगळं झालंय’ हे तोंडी सांगणं चालत नाही. घरात कुणाला किंवा तुम्हाला पूर्वी टीबी झाला असेल तर जुन्या एक्स-रेच्या फिल्म आणि औषधोपचाराचे कागद शोधून ठेवा. छातीच्या एक्स-रेत जुना व्रण दिसला तर तीन दिवस बेडका तपासतात आणि कल्चरचा निकाल यायला सुमारे ८ आठवडे लागतात. जुनी फिल्म सोबत असली तर हा व्रण जुनाच आहे, हे डॉक्टरांना पडताळून पाहता येतं.

प्रश्न : सुनेच्या खात्यात मुलगा दरमहा पैसे पाठवतो. तिने त्यातून एफडी केली. त्यावर टॅक्स कोणाला? (एक सासरे, सोलापूर)

उत्तर : नवऱ्याने बायकोला पाठवलेल्या पैशावर बायकोला कर नाही. पण त्याच पैशाची तिच्या नावे एफडी केली तर व्याज आपल्या कायद्यात नवऱ्याच्या उत्पन्नात धरलं जातं. घरखर्चापुरते पैसे तिच्या खात्यात येऊ द्या. शिल्लक टाकायची असेल तर मुलाने स्वतःच्या एनआरई (परदेशस्थ भारतीयांच्या, तिकडच्या कमाईसाठीच्या) खात्यात ठेवावी. परदेशी असेपर्यंत त्या व्याजाला इथे कर लागत नाही. त्या खात्यात सुनेला जवळची नातेवाईक म्हणून ‘फॉर्मर ऑर सर्व्हायव्हर’ (पहिला खातेदार असेपर्यंत व्यवहार त्याचे, त्याच्यामागे दुसऱ्याचे) पद्धतीने सहखातेदार करता येतं, आणि मुखत्यारपत्र दिलं तर तिला व्यवहारही करता येतात.

एक विनंती : खर्चाचे पैसे सुनेच्याच खात्यात येऊ द्या, तुमच्या नको. तिला रिक्षाच्या पैशांसाठी हात पसरावा लागू नये हे तर आहेच, शिवाय दरमहा नवऱ्याकडून बायकोच्या खात्यात आलेली रक्कम हा त्यांच्या संसाराचा उत्तम पुरावा आहे. ती निघेल तेव्हा तिचं बचत खातं एनआरओ (परदेशस्थांचं, इथल्या उत्पन्नासाठीचं) करून घ्यायचं. तिचं पीपीएफ असेल तर ते मुदतीपर्यंत चालू ठेवता येतं, नवीन मात्र उघडता येणार नाही.

प्रश्न : आमचं ठरवून झालेलं लग्न. लग्नानंतर सतरा दिवसांत मिस्टर परत गेले. एकत्र राहिल्याचा पुरावा काय देणार? (एक वाचक, जळगाव)

उत्तर : ठरवून झालेली लग्नं मुंबईच्या अमेरिकन वाणिज्य दूतावासातल्या अधिकाऱ्यांना नवी नाहीत. त्यांना कायद्यापुरतं नव्हे, खरंखुरं लग्न झालंय का, हे बघायचं असतं. दोघांचेच हसरे फोटो शंभर देण्यापेक्षा वीस निवडा : साखरपुडा, हळद, सप्तपदी, दोन्हीकडचे आईवडील एकाच चौकटीत, पंगतीतले नातेवाईक, पूजेचा फोटो, विमानतळावरचा निरोप. प्रत्येकाच्या मागे तारीख, ठिकाण आणि कोण कोण आहे ते लिहा. लग्नपत्रिका, हॉलची पावती आणि मिस्टरांच्या येण्या-जाण्याची तिकिटं व बोर्डिंग पास जोडा.

त्यापुढचा पुरावा दर महिन्याला थोडा थोडा साठवायचा. महिन्याच्या शेवटी एका फोल्डरमध्ये कॉलच्या यादीचे एक-दोन स्क्रीनशॉट, पैसे आल्याची नोंद आणि तिकडे पाठवलेल्या राखीची, फराळाची कुरियर पावती टाकून ठेवा. सगळं संभाषण छापून पाचशे पानांचा गठ्ठा नेऊ नका, तो कोणी वाचत नाही. फोन बदलताना जुन्या चॅटचा बॅकअप घ्यायला विसरू नका. मिस्टरांनी वर्षातून एक फेरी मारली तर सगळ्यांत उत्तम. फक्त ग्रीन कार्डवाल्यांनी सलग सहा महिन्यांपेक्षा जास्त इथे राहू नये, पुढे नागरिकत्वाच्या वेळी ते आड येतं.

प्रश्न : माझी बायको अमेरिकन नागरिक आहे, तिथे नर्स आहे. माझी केस चालू आहे. तोवर भेटीच्या व्हिसावर दोन महिने जाऊन येऊ का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : अर्ज करता येतो, पण मिळणं कठीण. ‘हा परत येणार’ याची खात्री अधिकाऱ्याला पटवून द्यावी लागते, आणि तुमच्या नावाने कायमचं राहण्याचा अर्ज तर आधीच पडलेला आहे. अर्जात तसा थेट प्रश्नही असतो. तिथे ‘नाही’ लिहिणं म्हणजे पायावर धोंडा पाडून घेणं. भेटीचा व्हिसा नाकारला गेला तर ग्रीन कार्डाच्या केसला फारसा धक्का बसत नाही, पण खोटं उत्तर सापडलं तर कायमची बंदी येऊ शकते. बायकोनेच इकडे यावं हे बरं. तिला एक काम सांगा : आर्थिक हमीचा आय-८६४ आणि टॅक्स ट्रान्सक्रिप्ट (तिच्या करविवरणाचा सरकारी उतारा) तयार ठेवायला. दोघांच्या कुटुंबासाठी उत्पन्नाची अट २०२५ च्या तक्त्यानुसार वर्षाला २६,४३७ डॉलर होती. नर्सच्या पूर्ण वेळच्या पगारात ती सहज बसते. अर्धवेळ काम असेल तर दुसरा हमीदार घेता येतो, पण तिचा स्वतःचा आय-८६४ तरीही लागतोच.

प्रश्न : सासरी असते. मिस्टरांचा फोन आला की सगळे हॉलमध्ये स्पीकरवर बोलतात. मला वेगळं बोलायला मिळतच नाही. तक्रार कशी करू? (एक वाचक, सातारा)

उत्तर : तक्रार करू नका, वेळ बांधून घ्या. आणि घरी ते मिस्टरांनी सांगायचं, तुम्ही नाही.

मिस्टर न्यू जर्सीच्या बाजूला असतील, तर तिकडचं घड्याळ उन्हाळ्यात आपल्या साडेनऊ तास मागे असतं, हिवाळ्यात साडेदहा. बदल होतो मार्चच्या दुसऱ्या आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी. उन्हाळ्यात आपल्या सकाळी सातला तिकडे रात्रीचे साडेनऊ. ही वेळ नवरा-बायकोची ठेवा : दूध तापत असतं, फोन ओट्यावर डब्याला टेकवून उभा असतो, दहा मिनिटं का होईना, ती तुमची. आपल्या संध्याकाळी साडेसातला तिकडे सकाळचे दहा; शनिवार-रविवारी ती वेळ घरच्यांची, स्पीकरसकट. नोव्हेंबरमध्ये वेळ बदलली की दोन्ही एकेक तास पुढे घ्या, नाहीतर पहिल्या आठवड्यातच ‘फोन का उचलला नाही’ यावरून भांडण ठरलेलं.

रोजच्या फोनवर फक्त व्हिसाचं बोलणं होत असेल तर ते थांबवा. केसचं बोलणं आठवड्यातून एकदा, कागद समोर घेऊन. इतर दिवशी भाजी काय केली, बॉस काय म्हणाला, एवढंच. मंगळागौर, दिवाळसण एकटीने करताना जीव तुटतो, ते मनातच ठेवू नका, मिस्टरांना सांगा. आणि आठवड्यातले दोन दिवस माहेरी राहायची इच्छा असेल तर रहा. त्याने केसला काहीही होत नाही. फक्त पोलिसांच्या चारित्र्य पडताळणीचा दाखला, म्हणजे पीसीसी, ज्या पत्त्यावर मागाल तिथे पडताळणीच्या दिवशी हजर असा. तो पासपोर्ट सेवा केंद्रातून ५०० रुपयांत निघतो. पासपोर्टवरचा पत्ता माहेरचा आणि अर्ज सासरहून असेल, तर सासरच्या पत्त्याचा पुरावा लागतो. बँकेच्या पासबुकावर पत्ता आत्ताच बदलून घ्या.

प्रश्न : मुलाखतीची तारीख आली आहे. शेवटच्या दिवसांत काय विसरतं? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : वैद्यकीय तपासणी दूतावासाच्या यादीतल्याच डॉक्टरांकडे, मुलाखतीच्या बरंच आधी करा. वांद्रे-कुर्ला संकुलातल्या दूतावासात जाताना मूळ कागद वेगळे आणि प्रती वेगळ्या, क्रमाने लावलेल्या. प्रश्न साधे असतात : भेट कशी झाली, लग्नाला कोण कोण होतं, नवरा कुठे आणि काय काम करतो, घरात कोण आहे. पाठ केलेली उत्तरं लगेच ओळखू येतात. ‘२२१(जी)’ची, म्हणजे व्हिसा तूर्त अडल्याची, चिठ्ठी मिळाली तर घाबरू नका, बहुतेकदा एखादा कागद कमी असतो, तो चिठ्ठीवर लिहिलेल्या पद्धतीने पाठवायचा.

व्हिसा आल्यावर, निघण्याआधी, यूएससीआयएसचं (अमेरिकेच्या इमिग्रेशन खात्याचं) २३५ डॉलर शुल्क ऑनलाइन भरायचं. ते राहिलं तर कार्ड छापलं जात नाही. लग्नाला २ वर्षं पूर्ण होण्याच्या आत तिकडे उतरलात तर कार्ड २ वर्षांचं, अटींचं मिळतं आणि ते संपण्याआधीच्या ९० दिवसांत अटी काढण्यासाठीचा आय-७५१ भरावा लागतो. लग्नाचा दुसरा वाढदिवस दोन-तीन आठवड्यांवर असेल आणि व्हिसाची मुदत शिल्लक असेल, तर तो उलटून गेल्यावर उतरावं. कार्ड १० वर्षांचं मिळतं.

सामानात गोडा मसाला, मेतकूट चालेल, कस्टमला जाहीर करून. ताजा कढीपत्ता आणि आंबे नको, ते काढून घेतात. रोजच्या गोळ्या मूळ पाकिटात, डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीसह. आणि मिस्टरांना आजच सांगून ठेवा : तिकडच्या पत्राच्या पेटीवर तुमचंही नाव लावायचं, पासपोर्टवर आहे तसंच. कार्ड टपालाने येतं, आणि पेटीवर नाव दिसलं नाही तर ते परत जाऊ शकतं.